रेवाच्या पंखांवरच्या पट्ट्या

अकोल्याहून निघालो त्या सकाळी आईने मला मिठी मारलीच नाही. तिने रेवाला कडेवर उचललं आणि गाडीत सामान भरून होईपर्यंत खाली ठेवलं नाही. रेवा तेव्हा पाच वर्षांची, चांगली वजनदार, आणि आईची कंबर धरलेली. तरीही. बाबा हुकाच्या काट्याला टांगून प्रत्येक बॅगेचं वजन तिसऱ्यांदा बघत होते. नागपूरच्या विमानतळावर सोडायला आलेला ड्रायव्हर "मॅडम, टाइम होऊन राहिला" असं दोनदा सांगून गेला. शेवटी आईने रेवाला माझ्या मांडीवर बसवलं, गाडीचं दार स्वतः लावलं आणि उघड्या काचेतून म्हणाली, "तिथं कोणाची ओळख ना पाळख. पोरीचा हात सोडू नको."

मी हसले होते. म्हटलं, "आई, अमेरिका आहे ती. जंगल नाही."

हे मी अकोल्यातल्या माझ्या माणसांसाठी लिहिते आहे, कारण त्यांना मी सगळं सांगितलं नाही. आणि माझ्यासारख्याच इथे येऊन राहिलेल्यांसाठीही, कारण त्यांनी सगळं ऐकून घेतलं नाही. गोड लिहायचं तर विषय खूप आहेत. पानगळ आहे, पहिला बर्फ आहे. पण मला राग आलेला आहे, एक वर्ष उलटलं तरी तो गेलेला नाही, आणि तो साखर घालून वाढायची माझी इच्छा नाही.

आम्ही अमेरिकेतल्या नोव्हाय नावाच्या गावात राहतो. माझा नवरा, नितीन, गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो. कुठल्या वेगाला, कुठल्या रस्त्यावर, किती फुटांत गाडी थांबते हे मोजणं हेच त्याचं काम. मी अकोल्यात ज्युनियर कॉलेजला गणित शिकवायचे. इथे माझ्या व्हिसाच्या कागदावर 'डिपेंडंट' असं लिहून आलं. पहिले सहा महिने मी त्या शब्दाप्रमाणेच वागले. दूध आणायचं तरी कुणाची तरी गाडी हवी असायची, आणि ती गाडी बहुतेक वेळा अमृताताईची असायची.

अमृताताई पुण्याची. आमच्याच सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे घरांच्या वसाहतीत, दोन रस्ते पलीकडे. इथे अकरा वर्षं झालेली, स्वतःचं घर, आठ वर्षांचा मुलगा अर्णव. तिच्याबद्दल मी खोटं लिहिणार नाही. तिनेच मला गाडी शिकवली. रेवाच्या शाळेचे फॉर्म तिनेच माझ्या शेजारी बसून भरून दिले. मला ताप आला तेव्हा डबा तिच्याच घरून आला. आसपासच्या चार-पाच मराठी घरांची ती म्होरकी होती, आणि प्रत्येक बाबतीत तिचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "अगं, तू फार इंडियन विचार करतेस." मी रेवाला एकटं खेळायला सोडत नाही म्हणून. स्कूलबसच्या थांब्यावर रोज जाऊन उभी राहते म्हणून. मला ते लागायचं, पण मी हसून घ्यायचे. पाहुणी माणसं हसून घेतात तसं.

पहिल्याच वर्षी हॅलोवीन आला आणि मला त्याचा मनापासून तिटकारा आला. शेजारच्या अंगणातल्या हिरवळीवर थर्माकोलच्या कबरी. झाडाला टांगलेले सांगाडे. एका घराने तर गॅरेजच्या दारातून रक्ताळलेला हात बाहेर काढून ठेवला होता, आणि रेवा आठवडाभर त्या बाजूने चालायला तयार नव्हती. वर्षभर आपण पोरांना शिकवायचं की अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही, अनोळखी दाराशी जायचं नाही. आणि एका संध्याकाळी त्यांना सोंगं चढवून, हातात पिशवी देऊन म्हणायचं, जा, अंधार पडतोय, सगळ्या दारांवर चॉकलेटं मागत जा! त्या वर्षी मी रेवाच्या मागे मागे सावलीसारखी फिरले. प्रत्येक पायरीवर "सांभाळ", प्रत्येक वळणावर "थांब". घरी आल्यावर चॉकलेटं एकेक करून दिव्याखाली धरून पाहिली. रेवा रडून झोपली. "यू रुइन्ड इट, आई," म्हणाली. थोड्याच महिन्यांत तिचं इंग्रजी एवढं सुधारलं होतं.

दुसऱ्या वर्षी तिला वटवाघूळ व्हायचं होतं. पोशाख मी घरीच शिवला. काळं अस्तर, आत जॅकेट मावेल एवढं सैल, कारण ऑक्टोबरअखेर इथे हातपाय गारठतात आणि वरून जॅकेट घातलं की मुलं चिडतात. दोन्ही हातांना जोडलेले मोठे पंख. नितीनने तो पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "काळ्या कपड्यातलं माणूस ड्रायव्हरला दिसतं तोवर उशीर झालेला असतो," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो हार्डवेअरच्या दुकानातून चंदेरी पट्टी घेऊन आला, सायकलवाले लावतात तसली, गाडीचा उजेड पडला की लखलखणारी. आम्ही दोघांनी जमिनीवर बसून ती पंखांच्या कडेने चिकटवली. एक लांब पट्टी पाठीवर. रेवा खोलीतला दिवा घालवून टॉर्च मारून घेत होती आणि आरशात स्वतःकडे बघून ओरडत होती, "आय ॲम शायनी!"

त्या संध्याकाळी नितीन कामासाठी बाहेरगावी होता. साडेपाचला अमृताताई मुलांना गोळा करायला आली. सहा मुलं होती. मी बूट घालायला लागले तशी ती म्हणाली, "तू नको येऊस ना ज्योत्स्ना. तू आलीस की रेवा एन्जॉयच करत नाही. मी आहे ना." सगळ्यांसमोर म्हणाली. रेवा माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं की तिलाही तेच हवं आहे. मी घातलेला बूट काढला. म्हटलं, "बरं." दारात रेवाचा एक फोटो काढला. मग दार लावून, चॉकलेटचं भांडं मांडीवर घेऊन रुसून बसले. हो, रुसून. तो शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. त्या संध्याकाळचं माझं काम रुसणं नव्हतं.

सात वाजायच्या सुमाराला मराठी घरांच्या फोनवरच्या ग्रुपवर फोटो आला. नारिंगी दिव्यांनी सजवलेल्या एका घरासमोर सहा मुलं ओळीने उभी. खाली अमृताताईने लिहिलं होतं, 'अवर लिटल मॉन्स्टर्स'. मी फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला. रेवाच्या पंखांवर पट्टी नव्हती. नुसतं काळं.

मी फोन लावला, उचलला गेला नाही. पुन्हा लावला. भांडं पायरीवर ठेवलं, जॅकेट न घालता निघाले. पहिला रस्ता चालले, दुसरा पळाले. रस्त्यावर सगळीकडे मुलं, राजकन्या, डायनोसॉर, आणि प्रत्येक काळ्या कपड्यातलं मूल मला रेवा वाटत होतं. तिसऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर वळले आणि बाईच्या रडण्याचा आवाज आला. मोठ्या बाईच्या.

नंतर कळलं ते असं. कोपऱ्यावरच्या घराच्या ड्राइव्हवेमधून, गॅरेजपासून रस्त्यापर्यंतच्या वाटेवरून, एक जुनी गाडी रिव्हर्स घेत बाहेर पडत होती. फुटपाथवरून रेवा चालली होती. ती गाडीच्या मागून जात असतानाच धक्का बसला आणि तिचा उजवा पाय चाकाशी आला. मी पोचले तेव्हा ती फुटपाथवर आडवी होती, पंख पसरलेले, डोळे उघडे. रडत नव्हती. गाडी चालवणारी बाई, पन्नाशीची, हॉस्पिटलच्या निळ्या गणवेशात, ड्यूटीवर निघालेली, रेवाच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसून तिचं डोकं हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून होती आणि रडत एकच वाक्य म्हणत होती, "आय लुक्ड. आय स्वेअर आय लुक्ड. आय डिडन्ट सी हर."

अमृताताई बाकीच्या मुलांना घेऊन लॉनवर उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "ती एकदम पळाली गं. मी ओरडले, पण ती पळालीच." पोलिसांनाही तिने हेच सांगितलं. मी अँब्युलन्समध्ये चढताना ते ऐकलं आणि विश्वास ठेवला. रेवाच्या हातावर हात ठेवून हॉस्पिटलपर्यंत मी मनातल्या मनात माझ्याच पोरीला विचारत होते, का पळालीस गं?

नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. ऑपरेशन झालं, मांडीपर्यंत प्लास्टर चढलं. नितीन पहाटे पोचला. तिसऱ्या दिवशी रेवा सफरचंदाचा रस पीत होती आणि मी तिला, रागावता येत नव्हतं म्हणून अगदी हळू आवाजात, विचारलं, "बाळा, तू पळालीस का?" तिने ग्लास खाली केला. "आय डिडन्ट रन, आई. आय वॉज वॉकिंग. मावशी टुक ऑफ माय शायनी स्ट्राइप्स. फॉर द पिक्चर. अँड देन शी वॉज ऑन हर फोन."

नितीनने ग्लास तिच्या हातातून घेतला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

त्याच दिवशी दुपारी मी अमृताताईच्या घरी गेले. ताई म्हणायचं मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्येच सोडून आले होते.

"अमृता, पट्ट्या कुठे गेल्या?"

"कुठल्या पट्ट्या?"

मी दोन्ही फोटो तिच्यासमोर धरले. दारातला, पट्ट्यांसकट. आणि तिचा. ती खाली बसली. "अगं, फ्लॅश मारला की नुसता पांढरा झोत यायचा. बाकीच्या मुलांचे चेहरेच दिसेनात. मी नंतर परत लावणारच होते..."

"आणि ती पळाली असं का सांगितलंस?"

तेवढ्यात तिचा नवरा, प्रसाद, वरून खाली आला. कॉलवर होता वाटतं, हेडफोन गळ्यात तसाच. "वहिनी, प्लीज. यावर आत्ता काही बोलायला नको. आमच्या वकिलाने सांगितलंय, सॉरी हा शब्दसुद्धा वापरायचा नाही. पर्सनली घेऊ नका. लीगल आहे."

"मी वकील घेऊन आले आहे का? मी एकटी आले आहे. हिने एवढंच म्हणावं की पट्ट्या मी काढल्या, आणि रेवा चालत होती. बाकी मला काही नको."

मग अमृता उठली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज दगडासारखा होता. "मी सहा मुलं सांभाळत होते, ज्योत्स्ना. तू घरी बसली होतीस."

मी घरी कशी आले ते आठवत नाही. ते वाक्य खोटं असतं तर मी तिला सोडलं नसतं. ते खरं होतं, म्हणून मी तिला आजही माफ केलेलं नाही.

मग सगळे भेटायला आले. डबे आले, फुगे आले, रेवाच्या प्लास्टरवर सह्या झाल्या. आणि दारातून बाहेर पडताना प्रत्येकाने आवाज खाली आणून तेच सांगितलं, "जाऊ दे ना यार, मुद्दाम केलं का तिने? आपण इथे चार लोक आहोत." चार लोक आहोत म्हणून गप्प बसायचं. परक्या देशात आपल्या माणसाने आपल्या पोरीवर खोटा आळ घेतला तरी ते आपलंच. दिवाळीच्या कार्यक्रमाला अमृताने सूत्रसंचालन केलं असं कळलं. मी ग्रुपमधून बाहेर पडले. दोघींनी विचारलं, 'चुकून लेफ्ट झालीस का?'

अकोल्यात मी फोनवर फक्त एवढंच सांगितलं होतं की रेवाला लागलंय, गाडीचा धक्का. आईने सगळं ऐकून घेतलं. मग ती एकच वाक्य बोलली. "तू कुठी होती मंग?"

मी फोन कट केला. महिनाभर लावला नाही. आई, आज सांगते, तुझं चुकलं नव्हतं. पण त्या वेळी दोन देशांतून दोन बायका मला एकच गोष्ट विचारत होत्या आणि मला दोघींचीही तोंडं बघायची नव्हती. नितीन म्हणाला, परत जाऊ. खरंच म्हणाला, नुसतं समजूत घालायला नाही. पुण्यातल्या ऑफिसला मेलसुद्धा टाकला होता. मीच नको म्हटलं. तिकडे आले असते तर प्रत्येक नातेवाइकाने पोरीचा पाय बघून तोच प्रश्न विचारला असता, आणि मी जन्मभर त्याचं उत्तर देत बसले असते.

तो हिवाळा मी व्हीलचेअर ढकलण्यात काढला. बर्फातून, तो वितळावा म्हणून मीठ टाकलेल्या फुटपाथवरून, शाळेच्या दारापर्यंत. ज्या घरांसमोरून जायचे त्या घरांतली माणसं काचेआडून हात करायची. एकाही घराने आपल्या फुटपाथवरचा बर्फ लवकर उपसला असं झालं नाही. मी त्यांचा द्वेष करायला लागले होते. अमृताचा, हात करणाऱ्यांचा, रस्त्याकडेला लावलेल्या त्यांच्या थोराड गाड्यांचा, ज्यांच्याआडून सहा वर्षांचं मूल दिसतच नाही.

मार्चमध्ये सबडिव्हिजनच्या समितीची सभा होती. मी तोवर कधी गेले नव्हते. आमचं घर भाड्याचं, आपल्याला काय बोलायचं, असं वाटायचं. या वेळी गेले. उभी राहिले आणि सांगितलं की येत्या हॅलोवीनला सहा ते आठ या वेळात कोणीही ड्राइव्हवेमधून गाडी काढू नये, रस्त्याकडेला गाड्या लावू नयेत, आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक मोठं माणूस चमकणारं जॅकेट घालून, टॉर्च घेऊन उभं असावं. समितीचे अध्यक्ष, एक निवृत्त गृहस्थ, गोड हसून म्हणाले की ही सेफ कम्युनिटी आहे, इथे कधी प्रॉब्लेम आलेला नाही.

"माझ्या मुलीच्या पायात दोन सळ्या आहेत," मी म्हणाले. "तो प्रॉब्लेम तुमच्या मोजणीत येत नाही का?"

मागच्या रांगेतून एका माणसाने शांतपणे विचारलं, "अँड वेअर वेअर यू, मॅम?"

तो प्रश्न तिसऱ्यांदा आला होता, या वेळी इंग्रजीत, आणि या वेळी मला पळायला जागा नव्हती. मी मागे वळले. "घरी होते," म्हणाले. "रुसून घरी बसले होते. ती माझी चूक आहे. यंदा मी बाहेर उभी राहणार आहे. तुम्ही कुठे असाल?"

दुसऱ्या बाजूने एक हात वर झाला. ती गाडी चालवणारी बाई होती; निळा गणवेश त्या दिवशी नव्हता, म्हणून मला ओळखायला वेळ लागला. विमा कंपनीने तिला आमच्याशी संपर्क ठेवायची मनाई केलेली होती. ती माझ्याकडे न बघता अध्यक्षांना म्हणाली, "पुट मी डाउन फॉर अ कॉर्नर."

त्यानंतर आणखी पाच हात वर झाले. गाड्या काढायच्या नाहीत हा ठराव पडला. कोपरे मंजूर झाले.

यंदाच्या हॅलोवीनला मी त्या तिसऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी होते, कोटावर पिवळं जॅकेट, हातात नितीनचा मोठा टॉर्च. रेवा सात वर्षांची झाली आहे; ती अंतराळवीर झाली होती, पांढरीशुभ्र, आणि नितीन तिच्याबरोबर होता. दमली की ती अजून किंचित लंगडते. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला ती निळ्या गणवेशवाली बाई उभी होती. आम्ही दोन तास एकमेकींच्या टॉर्चचा उजेड बघत होतो. बोललो नाही. मला तिच्याशी बोलायचंही नव्हतं. पण ती आली होती.

एका पिकअपवाल्याने मी हात आडवा केल्यावर हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. काच खाली करून ओरडला की रस्ता तुझ्या मालकीचा नाही. मी त्याच्या डोळ्यांवर टॉर्च धरला आणि शेवटचा डायनोसॉर पलीकडे पोचेपर्यंत हलले नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं.

सव्वासातला अमृता आली. अर्णव पुढे, ती मागे. फोन हातात नव्हता. कडेला येऊन ती थांबली. मी गाडी अडवली होती. ड्रायव्हर वाट बघत होता.

"रेवा कशी आहे?" तिने विचारलं. मग थोडं थांबून, "ज्योत्स्ना, मला त्या दिवशी..."

तिला ते वाक्य पूर्ण करायला मी वेळ दिला. खरंच दिला. मी टॉर्च खाली केला आणि थांबले. तिने इकडे बघितलं, अर्णवकडे बघितलं, आणि तोंड मिटलं.

"जा," मी म्हणाले. "गाडी थांबली आहे. मुलाचा हात धर आणि जा."

तिने हात धरला आणि गेली.

तुम्ही तिकडून विचारता, करमतं का आता तिथे? करमत नाही. पण मागच्या उन्हाळ्यात अकोल्याला आले तेव्हा तुम्ही माझ्यासाठी नवी चादर काढलीत, भाजी कमी तिखट केलीत, आणि माझ्यासमोर कोणी कोणाशी भांडलं नाही. पाहुणीसमोर भांडत नाहीत. तीन आठवडे सगळ्यांनी मला जपलं आणि मी कोणावर चिडले नाही. विमानात बसल्यावर मला ते जाणवलं आणि रडू आलं. इथे या चार रस्त्यांवर माझी तीन उघड भांडणं आहेत. पोस्टाच्या पेटीपाशी दोन बायका मला बघून रस्ता बदलतात. पिकअपवाला कुठल्या घरात राहतो ते मला ठाऊक आहे आणि मी कुठल्या घरात राहते ते त्याला. इथून उठून जायचं तर हे सगळं अर्धवट टाकून जावं लागेल, आणि मला ते टाकायचं नाही. घर म्हणजे काय, याचं माझ्यापाशी सध्या एवढंच उत्तर आहे. ते फार सुंदर नाही, हे मला माहीत आहे.

त्या कोपऱ्यावर दिव्याचा खांब नाही. तो हवा, असा अर्ज मी दिला आहे. समिती म्हणते, बघू. मी दर महिन्याच्या सभेला जाते, पुढच्या रांगेत बसते आणि हात वर करते. मला आत येताना पाहिलं की अध्यक्ष चष्मा काढून डोळे चोळतात. पहिल्या सभेत माझं नाव वाचताना ते तीनदा अडखळले होते आणि शेवटी त्यांनी नुसतं 'मॅम' म्हणून वेळ मारून नेली होती. आता हात वर झाला की कागदाकडे न बघता, थकलेल्या आवाजात, पण पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत अगदी बरोबर म्हणतात, "येस, ज्योत्स्ना."